बेळगावच्या शहापुरातलं आमच्या घरचं नेट: तीन कनेक्शनं झाल्यावर लिहितोय

पहिल्यांदाच सांगून टाकतो, कंपन्यांची नावं घेणार नाही. घाबरून नव्हे, उपयोग नाही म्हणून. जी कंपनी माझ्या मेव्हण्याकडं अनगोळात मस्त चालते तीच आमच्या गल्लीत रडते, आणि जे नेट टिळकवाडीतला माझा मित्र फुकट दिलं तरी घेणार नाही म्हणतो तेच वडगावात आमचे पाव्हणे चार वर्षं झाली काय तक्रार न करता वापरालेत. नाव वाचून तुम्ही घेणार, तुमच्या गल्लीत ते चालणार नाही, आणि शिव्या मला. त्यापेक्षा मी आपलं केबलवाल्याचं नेट, हवेतलं नेट आणि मोठ्या कंपनीची फायबर असंच म्हणतो, बेळगावात राहणाऱ्याला काय कळायचं ते कळतंय.

आमचं घर जुनं. रस्त्याला तोंड चौदा फूट आणि आत रेल्वेच्या डब्यासारखं लांबच लांब, सोपा, मधली खोली, देवघर, स्वयंपाकघर, न्हाणी, आणि मागं परसात एक खोली जिला आम्ही अजून नवी खोली म्हणतो पण ती २००९ सालची आहे. भिंती दोन फुटी, दगड-मातीच्या. शेजारी माग आहेत, दिवसभर खटाखट, त्याची सवय झाली. घरात माणसं पाच आणि नेटला चिकटलेली पण पाचच. मी पुण्यातल्या एका कंपनीचं अकाउंट्स घरून बघतो, म्हणजे दिवसभर रिमोट डेस्कटॉप (कंपनीचा कॉम्प्युटर घरून चालवणं) आणि मध्ये मध्ये व्हिडिओ कॉल, बायको संध्याकाळी ऑनलाइन ट्युशन घेते, पोरगा नववीत आणि त्याचा गेम, पप्पांना क्रिकेट, आईला यूट्यूबवर कीर्तन. आई सगळ्यात कमी नेट खाते आणि नेट गेलं की सगळ्यात आधी तिलाच कळतं.

आधी टेलिफोनच्या तारेवरचं नेट होतं, ०८३१ चा लँडलाइन आणि त्यालाच मोडेम. त्या काळी २५६ केबीपीएस म्हणजे लई झालं वाटायचं, रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट असायचं तर अलार्म लावून उठायचो. आणि पाऊस लागला की फोनमध्ये खरखर, तांब्याच्या तारेच्या जॉइंटमध्ये पाणी शिरायचं, की समजायचं आज नेट गेलं. तेव्हापासनं आमच्या घरात ठरूनच गेलं होतं की पावसाळा म्हणजे नेट जाणार. हे लक्षात ठेवा, पुढं याच्यामुळं मी दीड महिना येड्यासारखा फिरलोय.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये पुण्यातनं लॅपटॉप घेऊन घरी आलो तो आलोच. टीव्हीची केबल ज्याची होती त्याच्याकडंच नेट घेतलं. दोन तासांत पोरगं आलं, खांबावरनं वायर ओढली, कौलाखालनं सोप्यात घेतली, राउटर लोखंडी कपाटावर ठेवला आणि गेला. महिन्याला सहाशे, १०० एमबीपीएस, पावतीबिवती काय नाही. या पोराबद्दल मी वाईट बोलणार नाही. कोरोनात पोलीस फिरत असताना हा गल्लीबोळातनं वायर घेऊन यायचा. फोन केला की मराठीत बोलतो, आईला काकू म्हणून चहा मागतो, आणि त्याला येता आलं नाही तर तसं सांगतो. मोठ्या कंपनीत गेल्यावर ही गोष्ट किती किमतीची होती ते कळलं.

पण रात्री आठनंतर नेट बसायचं ते बसायचंच. सकाळी सगळं भारी, आणि संध्याकाळी बायकोची ट्युशन सुरू झाली की तिकडं पोरं "टीचर आवाज तुटालाय" म्हणून ओरडणार. पप्पांचा सामना शेवटच्या ओव्हरला गोल गोल फिरणार आणि बाहेर गल्लीत कुणीतरी फटाका वाजवला की आम्हाला कळणार विकेट पडली.

वर्षभर मी त्या केबलच्या पोराला बोलत होतो आणि तो म्हणत होता "दादा तुमचं वायफाय वीक आहे". दोघंही अर्धे बरोबर होतो. शेवटी एका रविवारी डोकं लावून बसलो. शंभर रुपयांची लॅन केबल आणली, राउटरला लॅपटॉप थेट जोडला, वायफाय बंद केलं, आणि सकाळी सात, दुपारी दोन, रात्री साडेनऊ असं चार दिवस स्पीड वहीत लिहून काढलं. सकाळी ९४ (१०० च्या पोर्टवर जास्तीत जास्त ९४-९५ च दिसतात, तेवढी घट चालायचीच). रात्री साडेनऊला ११, १४, ९, १२. केबल लावून सुद्धा! म्हणजे रात्रीचं दुखणं बाहेरचं, पोराकडचं. एका लाइनवर किती घरं टाकलीत त्याचा हिशोब. फायबरच्या एका पोर्टवर, जीपॉन म्हणतात त्यात, खाली येणारं सगळं मिळून अडीच जीबीपीएसच्या आसपास असतं आणि ते ३२ नाहीतर ६४ घरांत वाटलेलं असतं, आमच्या केबलच्या पोराकडं त्याहून जुनी ईपॉनची मशीन होती, त्यात एक-सव्वा जीबीपीएस. आणि त्याच्याही मागं त्यानं वरनं किती बँडविड्थ विकत घेतलीय ते वेगळंच. सगळी गल्ली रात्री नऊला क्रिकेट बघायला बसली की मग काय.

आता दुसरा अर्धा. सकाळी, नेट फुल असताना, लॅपटॉप वायफायवर घेऊन घरभर फिरलो. कपाटाजवळ ३८, मधल्या खोलीत २०, स्वयंपाकघरात ६, परसातल्या खोलीत, जिथं मी काम करतो, १. एक! सरकारी व्याख्येप्रमाणं जानेवारी २०२३ पासनं निदान २ एमबीपीएस मिळालं तरच त्याला ब्रॉडबँड म्हणायचं (आधी ५१२ केबीपीएसवर भागायचं), म्हणजे माझ्या खोलीत कायद्यानं ब्रॉडबँड आलेलंच नव्हतं आणि मी तीन वर्षं पैसे भरत होतो. यात केबलच्या पोराचा काय दोष नाही. राउटर सिंगल बँड, २.४ गिगाहर्ट्झचा, नऊशे रुपयांचा, लोखंडी कपाटावर, बाजूला पितळेची समई, आणि मध्ये चार दोन फुटी भिंती. शिवाय २.४ मध्ये एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि आमच्या गल्लीत फोन उघडला की अठरा वायफाय दिसतात.

आणखी एक गोंधळ घरात चालायचा. माझा पोरगा म्हणायचा "शंभरचं नेट आहे आणि डाउनलोड बाराच्या वर जात नाही, फसवालेत". फसवत नाहीत राजा, कंपनी मेगाबिट सांगते आणि फोन मेगाबाइट दाखवतो, आठ बिटचा एक बाइट, १०० ला आठानं भाग, साडेबारा. एक जीबीची फाइल ८० सेकंद. एवढं कळलं तरी अर्ध्या तक्रारी गप्प होतील.

मग डुअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही देणारा, राउटर घेतला आणि पंचवीस मीटर चांगली कॅट-५-ई लॅन वायर कौलाखालनं परसापर्यंत नेऊन तिथं जुना राउटर ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरीतलं नेट तिथं वायफायवर सोडणारा, करून लावला. लोक त्या प्लगमध्ये घालायच्या एक्स्टेंडरवर पैसे घालतात, माझं ऐका, जुन्या घरात ५ गिगाहर्ट्झ एक भिंत पार करताना दमतं, वायरच ओढा. वायरमन आमच्याच गल्लीतला, कौलावर चढून दोन कौलं फोडली, ती वेगळी.

घरातलं मिटलं, बाहेरचं राहिलं. आणि लाइटचा प्रश्न. आमच्याकडं इन्व्हर्टर आहे, तरी लाइट गेली की दहा मिनिटांत नेट जायचं. मी समजायचो राउटरला करंट कमी पडतोय. एकदा केबलच्या पोराबरोबर चौकातल्या खांबाकडं गेलो, त्यानं तो पत्र्याचा डबा उघडला. आत एक नेटचा स्विच (एका वायरीतनं घराघरात नेट वाटणारी पेटी), एक छोटी बॅटरी फुगून पावासारखी झालेली, मुंग्यांची रांग, आणि एक वायर बाजूच्या पानपट्टीत गेलेली. म्हणजे सगळ्या गल्लीचं नेट पानपट्टीच्या मीटरवर! लाइट गेली की ते गेलं, आणि पानपट्टीवाल्यानं बोर्ड बंद केला तरी ते गेलं. त्या दिवसापासनं कुणी मला विचारलं कुठलं नेट घेऊ तर मी आधी हेच विचारतो, तुमच्या खांबावरच्या डब्याला लाइट लागते का. जीपॉनच्या स्प्लिटरला लागत नाही, ती नुसती काच, उजेड वाटून देते, तिकडं मेन ऑफिसमध्ये जनरेटर आणि तुमच्या घरात इन्व्हर्टर असला की मधे काय जळायचं-विझायचं नाही. डब्यात स्विच असला तर गल्लीची लाइट आणि तुमचं नेट यांचं लग्न लागलेलं आहे.

सोडायचं ठरलं ते मात्र शिवजयंतीला. बेळगावची चित्ररथ मिरवणूक ज्यांनी बघितलीय त्यांना सांगायला नको, वैशाखातल्या त्या रात्री सगळं गाव रस्त्यावर. आमच्या मंडळाचा देखावा गल्लीतनं बाहेर काढताना दोन पोरं बांबूच्या टोकाला आडवी काठी बांधून पुढं चालतात, एकेक वायर वर उचलायची, रथ खालनं काढायचा, सोडायची. त्या वर्षी गडाचा बुरूज जरा उंचच झाला होता. मी स्वतः तिथं गुलालात उभा होतो, वायर उचलली, बुरुजावरच्या भगव्याच्या काठीत अडकली, रथ पुढं, वायर ताणली, आणि टिच्चकन् आवाज. वर बघतोय तर आमचीच. मंडळाचे पोरगे माझ्याकडं बघून हसालेत, मी पण हसलो, काय करणार, वर्गणी मी पण दिलेली. पण दुसऱ्या दिवशी क्लोजिंग होतं. केबलचं पोरगं तीन दिवसांनी आलं कारण गावभर तेच झालेलं, आणि ते तीन दिवस मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कसे काढले ते मलाच ठाऊक.

म्हटलं वायरच नको. तेव्हा ते ५जी वरचं हवेतलं नेट नवीन आलं होतं, बाहेर गच्चीवर एक डबा, आत राउटर. बुक केलं आणि तिसऱ्या दिवशी माणसं हजर, याबाबतीत पैकीच्या पैकी. आमच्या कौलावर पोल मारायला जागा नाही म्हणून परसातल्या पाण्याच्या टाकीच्या स्टँडला डबा बांधला. पहिल्या दिवशी सकाळी १४० आलं, सगळं घर खूश. पाचव्या दिवसापासनं सांजचं ३०, कधी १५, पुन्हा एकदम ९०, काय ताळमेळ नाही. टॉवर सगळ्या मोबाइलवाल्यांचा आणि आपलापण, त्यामुळं गर्दी वाढली की खाली. अपलोड आठ-दहाच्या वर गेलं नाही, आणि माझं काम अपलोडवर. पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ, पंचवीस मिलिसेकंदांवरनं उडी मारून दीडशेवर जायचं, पोराचा गेम तर संपलाच. मधे शेजारच्यांचा आंबा आडवा, जूनमध्ये पानं भिजून जड झाली की सिग्नल आणखी एक काडी कमी.

पण हेच नेट वाईट म्हणून सोडून देऊ नका. माझी बहीण शिनोळीला, म्हणजे गाडीवरनं अर्ध्या तासाच्या आत पण तालुका चंदगड, राज्य महाराष्ट्र. त्यांच्या शेतातल्या घरापर्यंत कोण फायबर ओढणार? तिच्याकडं असला डबा आहे, समोर मोकळं रान, टॉवर डोळ्यांनी दिसतोय, मस्त चाललंय. आणि तिनं कस्टमर केअरला फोन लावला की मराठीचा पर्याय येतो कारण ते महाराष्ट्र सर्कल. आम्ही लावला की "कन्नडक्कागी ओंदन्नु ओत्ती", म्हणजे कन्नडसाठी एक दाबा, मग हिंदी, मग इंग्लिश. कन्नड मला येतं हो, भांडणापुरतं येतं, पण पप्पांना फोन दिला की ते गोंधळतात आणि कट करतात. घरातलं म्हातारं माणूस एकटं असताना नेट गेलं तर तक्रार कुठल्या भाषेत नोंदवणार हा आमच्याकडं खरा प्रश्न आहे, जाहिरातीत तो नसतो.

मग मोठ्या कंपनीची फायबर. पहिल्या फोनला "फीजिबल नाही". दुसऱ्या महिन्यात "पोर्ट फुल". मी तीनदा ॲपवर रिक्वेस्ट टाकली आणि शेवटी मेव्हण्याच्या ओळखीनं त्यांच्या एरियाच्या माणसाला गाठलं तेव्हा कळलं की पुढच्या बोळात बॉक्स रिकामा आहे, ॲपमध्ये दिसत नाही एवढंच. तर ॲपवर "उपलब्ध नाही" आलं तरी थांबू नका, खांबावर चढणाऱ्या माणसाला विचारा. आणि तो खांबावर चढणारा कोण आला असेल बसवायला? आमचाच केबलचा पोरगा! आमच्या भागात त्या कंपनीची शेवटची वायर ओढायचं काम त्याच्याच मालकाला मिळालेलं. मला बघून दात काढले. "दादा, शेवटी माझ्याकडंच आलाव नव्हे".

बसवताना त्यानं पॉवर मीटर लावून दाखवला, उणे १९ डीबी. हा आकडा लिहून ठेवा, फोटो काढा, कुणी सांगत नाही पण फायबरची तब्येत या एका आकड्यात कळते. उणे १५ ते २५ मध्ये असलं की निवांत, २७-२८ च्या पलीकडं गेलं की ओएनटीला, म्हणजे घरातल्या फायबरच्या डब्याला, उजेड दिसेनासा होतो आणि लाल दिवा लागतो, एलओएस म्हणतात तो. आता प्रश्न आला वायर आत कुठनं घ्यायची. दोन फुटाची भिंत, त्याच्या ड्रिलचा बिट एक फुटाचा. "दादा, खिडकीतनं घेऊ, काय होत नाही". घेतली.

जून लागला. पाऊस आला, नेट गेलं, लाल दिवा. उघडला, आलं. परत पाऊस, परत गेलं. मी म्हटलं झालं, टेलिफोनच्या तारेसारखंच हे पण. तक्रार टाकली, तिकडनं "सर, ऑफ माडि ऑन माड्री". केलं. डॉकेट, म्हणजे तक्रारीचा, नंबर आला, दुसऱ्या दिवशी "युअर कम्प्लेंट इज रिझॉल्व्हड" असा मेसेज आला, नेट तसंच. दुसरा डॉकेट. मग एकजण आला, पण तेव्हा ऊन, मीटर लावला तर उणे १९, "बरोबर आहे री", गेला. पुन्हा पाऊस. असा दीड महिना. मी तर हवामान खात्याचा अंदाज बघून मीटिंग ठरवायला लागलो होतो, मॅनेजरला वाटलं मी काहीतरी बहाणे करालोय.

शोध लावला आईनं. म्हणाली "अरे, पाऊस आला की मी खिडकी लावते, तेव्हाच तुझा तो लाल दिवा लागतोय". बघितलं तर खरंच, आमच्या खिडकीची दारं सागवानी, जड, आणि वायर चौकटीतनं आत आलेली. झड आत येते म्हणून दार ओढून कडी घातली की वायर बिजागरीच्या बाजूला चिमटीत. केबलच्या पोराला भर पावसात बोलावलं, मीटर लावला, खिडकी उघडी उणे १९, खिडकी बंद उणे २८. तीन डीबी गेले की उजेड अर्धा होतो, नऊ गेले म्हणजे आठवा हिस्सा उरला. पावसाचा आणि काचेच्या तंतूचा काय संबंध नाही, पाण्यानं काचेतल्या उजेडाला काय होत नाही, हे मला माहीत होतं आणि तरी मी दीड महिना ढगाकडं बघत बसलो. पोरगं दुसऱ्या दिवशी दीड फुटी बिट घेऊन आलं, तरी अर्धा फूट कमी, मग आतनं अर्धं आणि बाहेरनं अर्धं असं भोक जुळवलं. त्यात सकाळ गेली आणि आईच्या हातचे पोहे दोनदा झाले.

त्यानंतर नेट चांगलं आहे, खरं बोलायचं तर चांगलं आहे. १०० चं कनेक्शन, वर-खाली सारखंच, रात्री साडेनऊला लॅनवर ९० च्या खाली आठ महिन्यांत मी दोनदाच बघितलंय. लाइट गेली तरी चालू राहतं, ओएनटीला बारा व्होल्टचा मिनी यूपीएस लावलाय (घेताना अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर काय लिहिलंय ते जुळवून घ्या, मी पहिला नऊ व्होल्टचा आणून परत केला), इन्व्हर्टर बंद झाला तरी तीन तास निघतात. वाईट काय, तर तक्रार. माणूस चांगला, पण त्याच्यापर्यंत पोचायला कंपनीच्या दारातनं जावं लागतं, आणि थेट फोन केला तर तो म्हणतो डॉकेट नसेल तर मला पैसे मिळत नाहीत. बरोबर आहे त्याचं. म्हणून आता आधी डॉकेट, मग त्याला फोन, या क्रमानं. डॉकेट न विचारता बंद केला तर सोडू नका, अशा मोठ्या कंपनीला वर एक अपिलाचा अधिकारी ठेवावाच लागतो, त्याच्याकडं तीस दिवसांच्या आत जाता येतं आणि त्यानं ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. मला तिथवर जायची पाळी आली नाही, पण फोनवर "अपील टाकतो" एवढं म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी माणूस आला होता. ग्राहक हेल्पलाइन १९१५ पण आहे.

पैशाचं. जाहिरातीत ६९९ दिसलं की ८२५ समजा, १८ टक्के जीएसटी वर लागतो. केबलवाल्याचे सहाशे म्हणजे हातात सहाशेच होते. सहा महिन्यांचं एकदम भरा, इन्स्टॉलेशन फ्री, असं सांगतात, पहिल्यांदा नको, एक महिना घ्या आणि त्या महिन्यात एकदा तरी पाऊस, एकदा तरी लाइट जाणं आणि एक रविवारची रात्र बघून घ्या. अनलिमिटेड म्हणजे बहुतेक ठिकाणी महिन्याला ३,३०० जीबी, मग स्पीड पडतो, आमचं पाचजणांचं मिळून सातशेच्या वर जात नाही तेव्हा त्याची चिंता सोडा. ३०० चं, ५०० चं घेऊ का विचारणाऱ्यांना मी उलट विचारतो घरात टीव्ही किती, फोरके सिनेमाला १५ एमबीपीएस पुरतात. दुकानातले कॅमेरे घरून बघायचे असतील तर मात्र पब्लिक आयपीचं, म्हणजे बाहेरनं थेट पोचता येईल अशा स्वतंत्र नेट-पत्त्याचं, आधी विचारा, केबलवाल्यांकडं बरेचदा एकाच आयपीमागं सगळी गल्ली असते आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगचा डबा) बाहेरनं उघडत नाही, मेव्हण्याचं तसंच झालं.

स्टार द्यायचे तर केबलवाल्याला नेटसाठी अडीच आणि पोराला पाच, हवेतल्याला आमच्या घरासाठी दोन, बहिणीच्या घरासाठी चार, फायबरला चार. खिडकीचा अर्धा मी कापणार होतो पण ती आमचीच खिडकी.

केबलवाल्याचं कनेक्शन अजून पूर्ण तोडलेलं नाही. सगळ्यात स्वस्तातलं, तीनशेचं करून ठेवलंय, राउटर कपाटावर तसाच. बायको दर महिन्याला विचारते दोन दोन नेट कशाला. तिला सांगितलंय, फायबरची वायर पण त्याच खांबावरनं, त्याच उंचीवरनं आलीय, आणि यंदा मंडळानं देखावा गेल्या वर्षीपेक्षा चार फूट उंच करायचं ठरवलंय. वैशाख जाऊ दे, मग बघू.